गाठीतली चिठ्ठी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूममध्ये एक म्हातारा फटाक्यांचा कचरा वेचत फिरायचा. हातात ना झाडू ना पोतं. धोतरावर काळा कोट, कोटाच्या खिशाला तीन लेखण्या आणि काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वाकून कागदाचा एकेक कपटा उचलायचा, चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट करून बघायचा आणि बहुतेक कपटे परत खाली टाकायचा. एखादाच डब्यात जायचा. बायका दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावायच्या. मी नव्यानं गावात आलेली, मीही पोटभर हसून घेतलं. चार दिवसांनी नोकरीवर रुजू झाले, तर माझ्या शेजारच्या टेबलाशी हेच गृहस्थ बसलेले.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. भूमच्या अलीकडं माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. म्हणजे चिमणी अर्धी झाली होती आणि संचालक मंडळ पूर्ण झालं होतं. ऊस कुठून येणार हे विचारायचं नाही अशी पद्धत होती, कारण पावसानं ओळीनं तीन वर्षं दगा दिलेला आणि आमचं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येई. पण कॉम्प्युटर मात्र दोन आले होते. त्यातला एक साधा, तो माझ्या टेबलावर. दुसऱ्यात मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड बसवलेलं होतं. तो चेअरमनसाहेबांच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवला होता आणि पाहुणे आले की रुमाल निघायचा. सोलापूरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली मी पंचक्रोशीतली एकटीच. त्यामुळे माझं डोकं त्या चिमणीपेक्षा थोडं वर होतं.

शेजारच्या गृहस्थांना सगळे दफ्तरदार म्हणत. सरकारी कागदावर ते कधीच दफ्तरदार नव्हते. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून म्हणून लागले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. सभासदांचे अर्ज, उतारे, नकाशे सांभाळायला कारखान्यानं त्यांना बोलावून घेतलं होतं.

ते कागद सांभाळायचे म्हणजे लाल कापडात बस्ता बांधायचे. चार पदर, वर एक गाठ आणि त्या गाठीत खोचलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आत काय आहे ते लिहिलेलं असणार असं कुणालाही वाटेल. असायचं, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत लाल शाईनं लिहिलेलं असे: ‘लिपी: उर्दू, घाईची’ किंवा ‘लिपी: मोडी’ किंवा ‘लिपी: बाळबोध, मधी चार पानं इंग्रजी’. हे त्यांनी अंगात इतकं भिनवून घेतलं होतं की बाजाराच्या यादीवरही आधी ‘लिपी: बाळबोध’ आणि मग कोथिंबीर. त्यांच्या मंडळी एकदा मला म्हणाल्या, “पोरी, माझ्या माहेरी लग्नाची चिठ्ठी धाडली तर तिच्यावर बी लिहिलं होतं. माझे वडील म्हनले, ही लिपी कोन, नवरीची सवत हाय का काय?”

मी त्यांना विचारलं होतं, एवढं कशासाठी?

“बाई,” दफ्तरदार म्हणाले, “निजामाच्या टायमाला कचेरी चालायची उर्दूत. गावचा कुलकर्णी लिहायचा मोडीत. मंग राज्य बदललं, बाळबोध आली, ही आपली मराठीची. बस्ता एकच, कापड एकच. उघडणाऱ्याला आधी सांगाया नको, कसं वाचायचं ते?”

आणि मग त्यांचा आवडता किस्सा. पुण्याकडून एक नवा कारकून आला. त्यानं उर्दू फिर्यादीचा बस्ता आपल्या सवयीनं डाव्या बाजूनं उघडला आणि पानांवर तसेच नंबर टाकून शिवून टाकला. उर्दू उजवीकडून चालते. झालं असं की त्या प्रकरणात आधी निकाल लागला, मग साक्षी झाल्या आणि शेवटी फिर्याद आली. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. “कचेरीत तसंच चालतं म्हणून लोक गप बसले,” असं म्हणून दफ्तरदार आवाज न करता हसायचे.

त्यांच्या तीन लेखण्यांचंही तसंच. मोडीला बोरू, उर्दूला टाक, बाळबोधला बॉलपेन. एकीचं काम दुसरीला करू द्यायचे नाहीत. मी एकदा टाकानं मराठी सही केली तर त्यांनी तो पुसून, फुंकून, पुन्हा पुसून खिशाला लावला.

आणखी एक सवय. कागद शोधायला कुणी आलं की त्याला आधी चहा. कागद सापडो न सापडो. त्यांचा स्वतःचा एक चिनी मातीचा कप होता, कानाचा टवका उडालेला. तो पाहुण्यापुढं ठेवायचे आणि आपण बशीत घ्यायचे. मला वाटायचं, माणूस मायाळू आहे. मायाळू होतेच, पण त्या चहाचं मूळ वेगळं होतं.

सभासदांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं होतं. त्यांनी सगळे अर्ज नेले, नावं टाइप केली, अर्ज ट्रकनं परत पाठवले आणि यादीची एक फ्लॉपी मागाहून येणार होती. एकेका गावाची एकेक फाइल, अशी साठेक गावं. अर्ज पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते, त्यांना वाळवी लागली. चेअरमनसाहेब म्हणाले, फ्लॉपी येणार ना, मग अर्ज कशाला हवेत. सोमवारी सकाळी यादी बाहेरच्या फळ्यावर लागायची होती. ज्याचं नाव यादीत नाही तो पहिल्या सभेला सभासद नाही आणि त्याचा ऊस नोंदला जाणार नाही. लोकांनी शेळ्या विकून कारखान्याचे शेअर घेतले होते.

फ्लॉपी शनिवारी सकाळी आली. दफ्तरदारांनी ती हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवली आणि म्हणाले, “हिची गाठ कुठंय?”

“काका, फ्लॉपीला गाठ नसते.”

“मंग चिठ्ठी? लिपी लिहिली न्हाय कुठं. बाई, पुण्याला फोन लावा, विचारा कंच्या लिपीत हाय. मंगच उघडा.”

मी हसले. यंत्राला लिपी कशाला सांगायची, यंत्राला सगळं कळतं, असं काहीतरी बोलले. खाचेत फ्लॉपी सरकवली आणि यादी मागितली.

पडद्यावर जे आलं ते नाव म्हणण्यासारखं नव्हतंच. चौकटीचे तुटके कोपरे, आडव्या-उभ्या रेघा, गणिताच्या पुस्तकात असतात तसली ग्रीक अक्षरं आणि मधेच एखादं प्रश्नचिन्ह. ओळीमागून ओळ तेच. आता मला ठाऊक आहे की यंत्राच्या पोटात अक्षरं नसतातच, आकडे असतात. पुण्याचं यंत्र ज्या आकड्याला ‘त’ म्हणत होतं त्याच आकड्याला माझं यंत्र चौकटीचा कोपरा म्हणत होतं. कार्ड असलेल्या यंत्राला आधी ‘देवनागरी’ असं सांगून मग ती फ्लॉपी लावली असती, तर गावं सरळ रांगेत उभी राहिली असती. त्या दिवशी मला एवढंच कळलं की फ्लॉपी खराब निघाली. प्रवासात लोहचुंबकाजवळ गेली असेल, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलंही. फ्लॉप्या तेव्हा मोजक्या मिळत. पुण्याहून दुसरी मागवू, ही कोरी करून ठेवू, असा हिशेब करून मी हुकूम दिला: सगळं पूस. यंत्रानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

मग पुण्याला फोन लावला. अर्ध्या तासानं लाइन लागली. पलीकडचा माणूस म्हणाला, काम पोचतं केलं, म्हणून आमच्याकडची प्रत पुसली. आणि कार्डवर उघडलीत ना? नावं मराठीत आहेत.

मी फोन ठेवला आणि दफ्तरदारांकडं बघितलं. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. बिस्किटांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“वाचता येईना म्हनून टाकून दिलं,” ते हळूच म्हणाले. मला वाटलं, मला बोलताहेत.

मग त्यांनी विचारलं, “बाई, एक सांगा. बस्ता जाळलाय का नुसती चिठ्ठी काढलीय?”

“म्हणजे?”

“कागद गेले का वरचं नाव गेलं?”

आणि मला कोर्समधला धडा आठवला. फाइल पुसली की यंत्र ती लगेच खरवडून काढत नाही. नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि जागा मोकळी झाली असं समजतं. वर दुसरं काही लिहिलं नाही तोवर आतला मजकूर जागच्या जागी असतो. सोलापूरच्या सरांनी पुसलेलं परत आणायचा एक प्रोग्रामही दिला होता. फक्त त्याला प्रत्येक नावाचं गेलेलं पहिलं अक्षर सांगावं लागायचं.

चेअरमनसाहेब मुंबईला गेले होते. त्यांच्या खोलीची किल्ली दफ्तरदारांनी शिपायाकडून काढून घेतली आणि क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला. मी कार्ड चालू केलं, आधी देवनागरी सांगितलं आणि मग फ्लॉपी लावून सरांचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर गावं आली. प्रत्येकाचं पहिलं अक्षर गेलेलं आणि त्याची वेलांटी किंवा मात्रा तेवढी लोंबकळत राहिलेली. फाइलच्या नावाला आठ अक्षरचिन्हांपुढं जागा नसल्यामुळे काही गावांची शेपटंही तुटलेली.

दफ्तरदारांनी खुर्ची जवळ ओढली. “त लावा, तेरखेडा. भ, भूम.” चुकीचं अक्षर दिलं तरी फाइल परत आली असती, पण एका गावची माणसं दुसऱ्याच गावाच्या नावानं उभी राहिली असती. ते मात्र चुकत नव्हते. तालुक्यातलं गावन् गाव त्यांनी गाठीवर लिहिलेलं होतं. एका नावाला मी म्हटलं, इथं ग पण बसेल आणि म पण. ते म्हणाले, “ते ग चं गाव पल्याडच्या तालुक्यात हाय. म लावा.”

असं करत शेवटून तिसऱ्या नावाशी आलो आणि ते थांबले.

“काका, हे कुठलं?”

डबा उघडून त्यांनी एक कपटा काढला. पिवळा पडलेला, एका कडेला जळलेला, बोटभर लांब. त्यावर मोडीतल्या दीड ओळी होत्या.

“ड लावा,” ते म्हणाले. “डोंगरवाडी. हितं बी तेच लिहिलंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची नोकरी नवी होती तेव्हा मोठे साहेब बदलून आले. साहेबांनी हुकूम काढला, रेकॉर्ड रूम साफ करा, वाचता येईल ते ठेवा, बाकी रद्दी. दफ्तरदारांना उर्दू येत होती, बाळबोध येत होती. मोडी येत नव्हती. चार बस्ते त्यांच्या हाताला आले, चिठ्ठीवर मोडी, म्हणजे त्यांना नुसत्या किड्यांच्या वाटा. गावात एक म्हातारे कुलकर्णी होते, त्यांना विचारता आलं असतं. “पर म्या पास झालेला कारकून. म्हाताऱ्याच्या दारात कशाला जाऊ?” रद्दी एका व्यापाऱ्यानं नेली आणि तेरखेड्याला फटाक्याच्या नळ्या वळायला घातली. त्या दिवाळीत स्वतःच्याच दारापुढं त्यांनी फुटलेला फटाका उचलला आणि त्याच्या पोटात ती अक्षरं बघितली. मग गेले कुलकर्ण्यांच्या दारात. दोन वर्षं मोडी शिकले. पहिला कागद वाचला तो हा. डोंगरवाडीच्या वस्तीच्या इनाम जमिनीच्या चतुःसीमा होत्या, पूर्वेची आणि दक्षिणेची. बाकीच्या दोन कुठल्या तरी आभाळात उडाल्या होत्या.

“तवापासून हुडकतो,” ते म्हणाले. “आता तसले कागद कुठले येनार, कळतं मला. तरी सकाळ झाली की पाय निघतात.”

आणि त्याच सालापासून डोंगरवाडीचा एक माणूस कचेरीत यायला लागला. शेजारच्या बड्या शेतकऱ्यानं बांध फोडून त्यांची अडीच एकर नांगरली होती. कोर्टात जुना कागद मागत होते. दफ्तरदार त्याला बसवायचे, आपल्या कपात चहा द्यायचे आणि म्हणायचे, शोधतो, दोन-तीन महिन्यांनी या. तो माणूस मरेपर्यंत यायचा.

“खरं का नाही सांगितलं?”

“नोकरी गेली असती. मंग म्हटलं, पेन्शन जाईल. रोज एक कायतरी जाईल असं वाटायचं.”

मी ड दाबला. डोंगरवाडीची बावीस माणसं पडद्यावर आली.

सोमवारी यादी फळ्यावर लागली. लोक सकाळपासून बोट लावून नावं शोधत होते. दुपारी सायकलवरून एक गुरुजी आले. डोंगरवाडीचेच, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वस्तीवरच्या कितीजणांची नावं लागली ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि आत आले.

“जय भीम, दफ्तरदार. बावीसच्या बावीस हायेत.”

“जय भीम, गुरुजी. बसा,” असं म्हणून दफ्तरदारांनी चहा सांगितला. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. शनिवारी मी माझी चूक चेअरमनसाहेबांना फोनवर सांगून टाकली होती आणि भरपूर बोलणी खाल्ली होती. ते त्यांना ठाऊक होतं.

दफ्तरदार उठून उभे राहिले. “गुरुजी, तुमच्या वडलांचा कागद सापडत नव्हता असं न्हाय. तो नव्हताच. वाचता आला न्हाय म्हनून म्या रद्दीत घातला. त्याचे फटाके झाले. एवढं ऱ्हायलंय.” आणि तो कपटा टेबलावर ठेवला.

गुरुजींनी तो उचलला नाही.

“कायतरी हाय, हे आमच्या आप्पाला ठावं हुतं,” ते म्हणाले. “गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कपबशी निराळी टांगलेली असायची तेव्हा. आणि कचेरीतला कारकून आपला कप देतो. आप्पा घरी येऊन म्हणायचा, ह्या माणसाच्या मनात आपलं कायतरी अडकलंय.”

गुरुजींनी हातातली वही मिटली.

“पण एक सांगू का? तुम्ही ‘शोधतो’ म्हणायच्या जागी ‘कागद नष्ट झाला’ एवढं लिहून दिलं असतं, तरी भागलं असतं. वकील तेच सांगत हुता. मूळ कागद नष्ट झाला असं लिहून आणा, मग दुसरा पुरावा चालतो. आमच्याकडं जुन्या पावत्या हुत्या, शेजाऱ्यांच्या साक्षी हुत्या. आप्पा तीन महिन्याला एकदा चालत यायचा, दफ्तरदार. एसटीचं तिकीट परवडत नव्हतं.” गुरुजींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

“अपील?” दफ्तरदारांनी विचारलं.

“चालूच हाय. औरंगाबादला.”

दफ्तरदारांनी कोरा कागद ओढला. मी न राहवून म्हटलं, “काका, पेन्शनचं काय?” त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. वर लिहिलं, ‘लिपी: बाळबोध’. मग खाली बॉलपेननं सगळं: कुठला बस्ता, कुणाच्या हुकमावरून, कुणाच्या हातानं, कुठं गेला. त्यात साहेबावर ढकललं नाही. ‘मला मोडी वाचता येत नव्हती व मी कोणास विचारले नाही’ हे वाक्य त्यांनी वेगळ्या ओळीत घातलं.

त्या कागदावरून पुढं चौकशी लागली आणि त्यांची पेन्शन सात महिने अडकून पडली. अपिलात कागद चालला. अडीच एकर परत आली, पण तोवर दफ्तरदार राहिले नव्हते. हे मला गुरुजींच्या पत्रातून कळलं. पत्राच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘लिपी: बाळबोध’.

त्या दुपारी मात्र गुरुजींनी कागद उभ्यानंच पूर्ण वाचला आणि परत टेबलावर सरकवला.

“सही ऱ्हायली.”

दफ्तरदारांनी खिशाच्या तीनही लेखण्या काढून ओळीनं मांडल्या. आधी बॉलपेननं बाळबोधमध्ये नाव लिहिलं. त्याखाली टाकानं उर्दूत, उजवीकडून. त्याखाली बोरूनं मोडीत, हात न उचलता.

“उद्या कुनी म्हनाया नको,” ते म्हणाले, “वाचता आलं न्हाय.”

शाई वाळेपर्यंत गुरुजी थांबले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. दफ्तरदारांनी सवयीनं टवका उडालेला कप गुरुजींपुढं केला. गुरुजींनी तो घेतला, अर्धा चहा बशीत ओतला, कप उचलून दफ्तरदारांच्या हातात दिला आणि स्वतः बशी घेतली.